नदीकाठची सोपी वाट

आपल्याला पायी हिंडण्याची आवड आहे असे महाराष्ट्रात कोणी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "किल्ले किती झाले?" राजगड झाला का, हरिश्चंद्रगड झाला का, कोणत्या वाटेने चढलात, किती वेळ लागला, अशी उलटतपासणी मग सुरू होते. आपल्याकडे चालणे म्हणजे चढणे. ज्या वाटेवर छाती भरून येत नाही, पाय लटपटत नाहीत आणि घरी परतल्यावर सांगण्याजोगे एखादे संकट ओढवत नाही, तिला आपण वाट मानावयास तयारच नसतो. फार तर तिला फेरफटका म्हणतो आणि तो म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवतो.

मीही चाळीस वर्षे याच मताचा होतो. शनिवारी रात्री पाठीवर पिशवी टाकून निघावे, रविवारी रात्री परतावे आणि सोमवारी कचेरीत अभिमानाने लंगडत वावरावे, हा माझा क्रम होता. पुढे उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टरांनी चढउतार बंद केले आणि वर सांगितले, "सपाटीवर मात्र रोज चालत जा." ते शब्द मला शिक्षेसारखे वाटले. जन्मभर ख्याल गाणाऱ्याला यापुढे फक्त बडबडगीते म्हणा असे सांगावे, तशी माझी अवस्था झाली. आज मी आपणांशी बोलणार आहे ते त्या शिक्षेविषयी, आणि ती शिक्षा नव्हती हे मला कसे उमगले त्याविषयी.

मुंबईच्या उत्तर अंगाला, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे एक अरण्य आहे. आज त्याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वी त्याला कृष्णगिरी म्हणत, बोरिवलीचे उद्यानही म्हणत. उद्यान हा शब्द थोडा फसवा आहे. प्रवेशद्वाराशी मुलांसाठी काही बागबगीचा आहे हे खरे. पण त्याच्या पलीकडे जे पसरले आहे ते खरेखुरे रान आहे. त्यात सांबर, भेकर आणि चितळ आहेत, वानरे आहेत, बिबटे आहेत. तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरांतून निघणारी दहिसर नदी या रानातून वाहत येते, बोरिवली आणि दहिसरच्या वस्तीतून जाते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. तिची सगळी लांबी काही मोजक्या किलोमीटरांची. एखाद्या सशक्त माणसाने मनात आणले तर उगमापासून मुखापर्यंतचे तिचे सारे आयुष्य तो दिवसाभरात पाहू शकेल.

२०२२ सालच्या कार्तिकातील एका सकाळी मी तेथे पहिल्यांदा चालावयास म्हणून गेलो. बरोबर माझी पत्नी होती. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण चाळीस वर्षांच्या हिंडण्यात ती माझ्याबरोबर एकदाही आली नव्हती. मी तिला बोलावले नव्हते असे नाही. पण माझ्या बोलावण्यातच "तुला झेपणार नाही" हे गृहीत असे. त्या दिवशी प्रथमच अशी वाट होती की जी दोघांनाही झेपणारी होती. खरे सांगायचे तर मलाच थोडी जड जाणारी होती.

प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरांचा डांबरी रस्ता आहे. चढ इतका सावकाश की तो पायांना कळत नाही. नदी कधी जवळ येते, कधी झाडीत दडते. या रस्त्याखेरीज रानात मातीच्या पायवाटाही आहेत. त्यांपैकी शिलोंड्याची वाट पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्यावर आपल्या मनाने शिरता येत नाही. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करून, परवानगी काढून आणि वाटाड्या बरोबर घेऊन जावे लागते. ती बरीचशी ओढ्याच्या सोबतीने जाते. मध्येच काळे कातळ, त्यांवरून पसरलेले पातळ पाणी, पुन्हा साग, पुन्हा बांबू. किल्ल्याच्या वाटेशी तुलना केली तर सांगण्यासारखे तीत काही नाही. माझी पहिली अर्धी घटका हीच तुलना करण्यात गेली.

नंतर लक्षात आले की मी एकटाच पुढे आलो आहे. मागे वळून पाहिले तो पत्नी एका झाडापाशी उभी.

"अहो, हा कुडा ना?" ती म्हणाली. "आमच्याकडे पोट बिघडले की आजी याचीच साल उगाळून द्यायची."

तो कुडाच होता. चाळीस वर्षे मी ज्या रानांतून गेलो त्यांत कुडा पदोपदी असला पाहिजे. पण मला तो ठाऊक नव्हता. तळकोकणातल्या खेड्यात वाढलेल्या माझ्या पत्नीला तो ठाऊक होता. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की मेंदीसारखा तांबडा रंग उतरतो, हे तिला ठाऊक होते. ओढ्याच्या काठाने करंज, उंबर, जांभूळ आणि ताम्हण यांची रांग लागली की जमिनीखाली ओल जवळ आहे असे समजावे, हेही तिने सहज सांगून टाकले. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आहे एवढे मला परीक्षेपुरते माहीत होते. ते झाड पाण्याचा काठ धरून राहते हे पुस्तकात वाचले असेल तरी पायांनी कधी ओळखले नव्हते. वाटेच्या दोन बाजूंच्या झाडांमध्ये मोठ्या रानकोळ्यांनी जाळी विणली होती, आणि कोवळ्या उन्हात त्यांचे धागे सोन्यासारखे पिवळे दिसत होते. ते मला दाखवले तेही तिनेच.

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले की अवघड वाट माणसाचे सगळे लक्ष आपल्याकडे ओढून घेते. पाय कोठे ठेवावा, हात कशाला धरावा, दम कोठे घ्यावा, यापलीकडे तेथे मनाला सवड नसते. त्यात एक आनंद आहे आणि तो मी भरपूर भोगला आहे. सोपी वाट मात्र लक्ष मागत नाही, ते मोकळे सोडते. त्या मोकळ्या लक्षाचे काय करायचे हा प्रश्न मग ज्याचा त्याचा. कोणी ते गप्पांत घालवील, कोणी दूरध्वनीच्या पडद्यावर. आणि कोणाला त्या लक्षात नदी सापडेल.

मला नदी सापडली. तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला आम्ही तेथे जातो, आणि एकाच नदीचे बारा महिने पाहतो. आषाढात ती गढूळ आणि रागीट असते; त्या दिवसांत पाण्याजवळ जाऊ नये. भाद्रपदानंतर ती निवळते. पाऊस थांबून दोन महिने झाले तरी ओढ्यात पाणी वाहते, याचे मला सुरुवातीस नवल वाटे. पाऊस नाही, तर हे पाणी येते कोठून? उत्तर वाटेवरच पसरलेले होते. झाडाखालचा पाचोळा पावसाचा मारा आपल्या अंगावर घेतो. मुळांनी आणि वाळव्यांनी पोखरून भुसभुशीत केलेली माती ते पाणी पिऊन टाकते. मग खडकाच्या भेगांतून, मातीच्या थरांतून ते थेंबाथेंबाने ओढ्याला मिळत राहते. कोणी गृहिणी दिवाळीचा फराळ जसा पुरवून पुरवून वाढते, तसे रान चार महिन्यांचा पाऊस पुढच्या महिन्यांना पुरवीत असते. वैशाखात धार आटते. तरीही सावलीतल्या काही कुंडांत पाणी उरते, आणि रानातले जनावर त्यावर तग धरते.

याच गुणामुळे मुंबईने आपले आरंभीचे तलाव या डोंगरांत बांधले. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी. आज शहराचे बहुतेक पाणी फार दूरच्या धरणांतून येते. तरी हे दोन्ही तलाव अजून आपला छोटासा वाटा उचलतात.

एकदा आम्ही उलट दिशेने चालावयाचे ठरवले. उद्यानाच्या बाहेर पडून त्याच नदीच्या काठाने वस्तीत गेलो. आत जिच्या तळाचे गोटे मोजता येत होते, तिचे पाणी काही अंतरावरच काळे पडले होते. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, वरून येऊन मिळणारे सांडपाणी, काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या. तेथे राहणाऱ्या एका मुलाला मी विचारले, "ही कोणती नदी?" तो म्हणाला, "आजोबा, नदी नाही, नाला आहे." त्याचे काही चुकले नव्हते. त्याने तिला दुसऱ्या रूपात कधी पाहिलेच नव्हते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ज्यांना आपण नाले म्हणत होतो त्या नद्या आहेत हे मुंबईला एका दिवसात आठवले. मिठीचे नाव त्या वेळी देशभर झाले; दहिसर नदीनेही आपल्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरवले. त्यानंतर भिंती उंच झाल्या. पण नदीला भिंत बांधणे वेगळे आणि नदी ओळखणे वेगळे. मला वाटते, त्या मुलाला कोणी एकदा हाताला धरून ती दोन-चार किलोमीटर वर नेली पाहिजे. त्यासाठी गिर्यारोहण लागत नाही, दोरखंड लागत नाही. सोपी वाट लागते, आणि एक सकाळ.

या वाटेच्या टोकाला कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी एका डोंगराच्या अंगावर खोदलेली आहेत आणि त्यांत सुमारे हजार वर्षांचा बौद्ध भिक्षूंचा वावर नांदला. आपण तेथे जातो तेव्हा चैत्यगृहातील स्तूप आणि बुद्धाच्या भव्य मूर्ती पाहून परततो. मला मात्र तेथील पाण्याची टाकी पुन्हा पुन्हा पहाविशी वाटतात. लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके, आणि कातळावरून ओघळणारे पावसाचे पाणी त्यात आणणाऱ्या बारीक चरी. शिलालेखांत या टाक्यांना "पोढी" असा शब्द आहे. कोणा दात्याने भिक्षूंसाठी पोढी खोदविली याची नोंद दगडावर अजून वाचता येते. दाते कल्याण आणि सोपारा यांसारख्या बाजारगावांतून आलेले. पावसाळ्यात एका जागी राहून काढावयाचा वर्षावास, आणि उरलेल्या आठ महिन्यांची तरतूद दाराशीच. पाणी डोंगरावर पडते तेथेच ते धरावे, ही गोष्ट त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगावी लागली नव्हती.

तेथे आणखी एक मौज आहे. एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ या वर्षांचे. काही पारशी मंडळी तेथे आली, त्यांनी लेणी पाहिली आणि आपण आलो होतो याची तारखेसह नोंद करून ती निघून गेली. म्हणजे या रानातली सहल आजची नव्हे. तिला हजार वर्षे झाली. त्यांच्या नावांना आज इतिहासाचा मान आहे. आपण मात्र तेथे नाव कोरू नये. आपल्या नावाला तो मान मिळण्याची शक्यता थोडी, आणि दंड होण्याची पुष्कळ.

सोप्या वाटेचेही काही शिष्टाचार असतात. हे रान आधी त्यात राहणाऱ्यांचे आहे. वारली, महादेव कोळी अशा समाजांचे पाडे येथे आहेत; त्यांच्या अंगणाजवळून जाताना आपण पाहुणे आहोत हे विसरू नये. बिबट्याचे भय पुष्कळांना वाटते. त्याला माणसाची भेट नकोच असते; तरी सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर रानात रेंगाळू नये, एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये. वानरांना खाऊ घालू नये. भूतदया म्हणून टाकलेल्या एका केळ्याने वानर भिकारी होते आणि पुढच्या माणसाची पिशवी ओढते. पाण्याची बाटली न्यावी आणि ती परत आणावी. हळू बोलावे, तांबटाची टुकटुक ऐकू येईल इतके हळू बोलले की पुरे.

आणि वाट सोडू नये. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण वाटेचा जीव तीत आहे. पावसाळ्यात मध्ये चिखल झाला की आपण बाजूने जातो. मागचा माणूस त्याच्याही बाजूने जातो. दोन पावसाळ्यांत एक हात रुंदीची वाट चार हात होते, कडेची रोपे तुडवली जातात, उघड्या मातीवरून पाणी धावू लागते आणि ओढ्यात गाळ उतरतो. चिखल असेल तर चिखलातून जावे. जोडे धुता येतात.

मग कोणी म्हणेल, वाट इतकी सोपी करायची तर ती पक्कीच का करू नये? सिमेंट घालावे, दोन्ही बाजूंना कठडे बांधावे, रात्री दिवे लावावे. अनेक गावांत नदीकाठच्या वाटांचे असे झाले आहे. ज्यांना चाकांच्या खुर्चीवाचून फिरता येत नाही, ज्यांची दृष्टी अधू आहे, त्यांच्यासाठी काही रस्ता पक्का असलाच पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. कान्हेरीचा डांबरी रस्ता तो उपयोग देतो. परंतु प्रत्येक पायवाटेला हा न्याय लावला, तर जे पाहावयास आपण गेलो तेच आपण झाकून टाकू. सिमेंट पाणी पीत नाही. दिव्याच्या उजेडात रातवा आणि घुबड बिथरतात. आणि सपाट, उजळलेल्या, कठड्यांच्या वाटेवर माणूस पुन्हा आपल्या खोलीत चालल्यासारखा चालू लागतो. सोपी वाट म्हणजे पायांना सोपी. डोळ्यांना आणि कानांना तिने काही काम ठेवले पाहिजे.

माझे श्रोते मुंबईतच आहेत असे नाही. दिल्लीतील मराठी माणसाला अरवलीचे रिज आहे, हैदराबादेत कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान आहे, चेन्नईत गिंडीचे रान आहे, बेंगळुरूच्या वेशीवर बन्नेरघट्टा आहे. ज्याच्या गावाजवळ असे मोठे नाव नाही, त्याच्या गावाला निदान एखादी नदी असेल आणि तिच्या वरच्या अंगाला अजून थोडी झाडे उरली असतील. तेथे जाऊन पाहावे. आपल्या घरातले जे माणूस आजवर "झेपणार नाही" म्हणून मागे राहिले, त्याला बरोबर न्यावे. ते पुढे गेले तर वाईट वाटून घेऊ नये. माझ्या अनुभवाने सांगतो, ते थांबेल तेथे आपणही थांबावे.

शेवटी एक घरगुती गोष्ट. या डोंगरांच्या उतारांवर कारवी वाढते. ती सात वर्षे नुसती हिरवी राहते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. सारा उतार जांभळा होतो, मधमाश्यांचा गजर सुरू होतो, आणि बी टाकून ते झुडूप मरते. २०१६ साली ती फुलली तेव्हा मी कुठल्याशा कड्यावर होतो. बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटले. २०२४ साली ती पुन्हा फुलली. त्या वर्षी आम्ही दोघे वाटेच्या कडेला उभे राहून ती पाहत होतो. पत्नीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "आता पुढची २०३२ ला. तुम्हाला अठ्ठ्याहत्तर होतील."

"आणि तुला पंच्याहत्तर," मी म्हणालो.

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वाट सपाट आहे. येऊ."

गुडघ्याचे मला सांगता येत नाही. आयुष्याचे तर कोणालाच सांगता येत नाही. पण ती वाट तेव्हाही मातीची असावी, तिच्या कडेचा ओढा तेव्हाही कार्तिकात वाहत असावा, आणि जिला त्या मुलाने नाला म्हटले तिला तोवर त्याने एकदा तरी वर येऊन पाहिलेले असावे, एवढी इच्छा मी धरून आहे. ती पुरी करणे अवघड नाही. त्या वाटेसारखेच ते सोपे आहे. फक्त रोज थोडे चालावे लागेल.